बोंबील कुठून खायचा
सुक्या बोंबलांचा वास आला की बोईसरची खोली आठवते. सातवीत शाळा सुटलेली, कामासाठी घरापासून लांब, वाचायचंच विसरेन अशी धास्ती. म्हणून खोलीतल्या दोघांकडे सुपरहिरोचं कॉमिक्स मागितलं. एक म्हणाला, "पहिल्या अंकापासून घे." दुसरा उसळला, "येडा काय? पाचव्यात त्याला शक्ती मिळते, तिथून!" सुट्टीची अख्खी सकाळ भांडले, पण अंक काही हातात देईनात. जीव नुसता विटला. बोंबील विकायला दारात बसलेली सातपाटीची मावशीच शेवटी वैतागली, "बोंबील डोक्याकडून खा नायतर शेपटीकडून, जातो पोटातच ना? द्या त्याला!" मिळाला तो मधलाच अंक. अडखळत, पण पुरा वाचला. आता माझ्या हल्लीच्या खोलीतला नवखा विचारतो, कॉमिक्स कुठून सुरू करू? मी मावशीला मनात हात जोडतो, हाताला लागेल तो अंक त्याला देतो आणि सांगतो, "शेपटीकडून."