मालनचं नाक

हंबीरराव धारच्या सरदार बापूसाहेबांच्या पाहुणबंगल्यात आबदार होते. वाइनची बाटली उघडायची, पहिला घोट स्वतः घ्यायचा आणि ती पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगी आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. वीस वर्षं त्यांचा शब्द खाली पडला नव्हता. पण एकोणीसशे सातच्या तापातून ते उठले ते नाक गमावूनच. अत्तर काय नि शेण काय, दोन्ही सारखंच!

हे ठाऊक होतं एकट्या मालनला, त्यांच्या बायकोला. वास न येणाऱ्या आबदाराला कामावर ठेवणार कोण? म्हणून ते दुपारीच बाटली उघडून बूच खिशात घालत आणि बंगल्यामागच्या आपल्या खोलीवर नेत. जन्मात थेंब न चाखलेली मालन ते हुंगून सांगे, "चिंच आहे, थोडा गूळ." हंबीरराव तेच बोलून वाहवा मिळवत, मात्र रात्री ती वाहवा शब्दन् शब्द तिच्या पदरात घालत. माणूस तेवढा सच्चा होता.

मग बापूसाहेबांचे डॉक्टर मित्र पंचवीस वर्षांनी आले. मागच्या खेपेला जाताना त्यांनीच दिलेली स्पेनची तांबडी वाइन बापूसाहेबांनी जिवापाड जपली होती.

"उघडा हंबीरराव, आमच्यासमोरच!"

झालं! हंबीररावांनी घोट घेतला. काही म्हणता काही कळेना. "उजेडात पाहतो," असं पुटपुटत ते पेला घेऊन मागच्या दारी गेले. मालन तिथं धान्य पाखडत होती.

पेला हुंगून तिने नाक मुरडलं. "कोंदट येतोय."

"बिघडली?" हंबीररावांनी विचारलं.

"जरा ठैरा हो. इतकी वर्षं कोंडलेली, वारा तर लागू दे." तिने पेला हळूच फिरवला, थांबली, पुन्हा हुंगला. "आता बघा. वाळलेली बोरं. माझ्या सासूबाईंची शिसवी पेटी. आणि तुमचं घोड्यावरचं जुनं जीन, तेल लावलेलं."

"आबदार कोण, ते आज कळलं," मागून येऊन उभे राहिलेले बापूसाहेब म्हणाले.

हंबीररावांनी मान खाली घातली. "सरकार, वर्ष झालं. मला वास येत नाही. नोकरीची पगडी ठेवतो."

बापूसाहेबांनी मालनच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं. "पगडी राहू द्या. बाटली इथं घेऊन या, डॉक्टरांनाही बोलवा. आणि पहिला घोट आबदाराचा, रिवाज आहे."

मालन लाजून चूर झाली. डोक्यावरचा पदर सावरत तिने करंगळी बुडवून जिभेला लावली, डोळे मिटले आणि पेला नवऱ्याच्या ओठांशी नेला.

"घ्या. मी सांगते. आधी बोरं."

हंबीररावांच्या नाकाला काहीच कळलं नाही. पण ती 'बोरं' म्हणाली आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.