डोंगर न वाढवणारे सर

विष्णुपुरीच्या कॉलेजात मी काचेच्या बाटल्या धुते. तिथल्या औषधं तपासणाऱ्या सरांचा माणसांवर विश्वास नाही, फक्त मशीनवर आहे. चूर्णाचा अर्क मशीनमध्ये सोडला की कागदावर रेघेचा डोंगर उठतो. डोंगर मोठा, तर औषधात दम. मी तीनदा धुतलेली बाटलीही सर उजेडात धरतात आणि म्हणतात, "मावशी, अजून एकदा." एवढी सेवा मी सासूचीही केली नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचा मेव्हणा लातूरहून आपल्या कारखान्याचं अश्वगंधा चूर्ण घेऊन आला. सरांनी पास केलं की माल दुकानात जाणार होता. सरांनी अर्क मशीनमध्ये सोडला, तर डोंगर कुठला, साधं वारूळही उठलं नाही.

"दाजी, जरा वाढवा की. घरचाच माल हाय."

"मी न्हाई काढत डोंगर, मशीन काढतंय."

"मग ताईला काय सांगू?"

"रिपोर्ट दाखव."

दुसऱ्या दिवसापासून सरांचा डबा बंद झाला. घरातलं राजकारण मोजायचं मशीन कॉलेजानं अजून घेतलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी माझी अर्धी भाकरी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती बाटलीसारखीच उजेडात धरली, उलटून बघितली आणि खाल्ली. पास की नापास, ते बोलले नाहीत. उरलेली अर्धी मात्र मागून घेतली.