अंड्याची चिंबोरी

बेट्टीच्या तोंडाला लागायची उत्तनच्या कोळीवाड्यात कुणाची छाती नव्हती. आणि का असावी? नवरा गेल्यापासून वीस वर्षं खडकांच्या बिळांत हात घालून चिंबोऱ्या काढणारी बाई ती! नांगीनं उजव्या हाताची दोन बोटं पार वाकडी केली, तरी हिचा हात मागे हटला नाही.

अडुसष्ट साली मुंबईच्या एका कॉलेजचे सर तिथे येऊ लागले. दगडी खेकडा कुठल्या कुळातला, कुठल्या जातीचा, हे त्यांना ठरवायचं होतं. पाठीच्या कवचाच्या कडेचे दात मोजायचे, नांगीची काळी बोटं भिंगातून बघायची, चित्र काढायचं, की खेकडा परत बेट्टीच्या टोपलीत. "एवढ्या उठाठेवी कशाला? दगडी चिंबोरी हाय, झालं!" बेट्टी म्हणायची. सर हसायचे.

एक दिवस सर म्हणाले, "पोटाखाली अंडी असलेली मादी मिळाली की काम पुरं होईल." त्याच दमात म्हणाले, "आमच्या प्रयोगशाळेत शिपाई हवाय. तुमच्या जावयाला घेऊ."

झालं! बेट्टी पेचात पडली. जावई एरिक गिरणीतून सुटल्यापासून वर्षभर घरी, आणि लेकीला, मॉलीला, आठवा महिना. घरात गरोदर बाई असली की अंड्याची चिंबोरी काढायची नाही. चुकून हाती आलीच तर त्याच बिळात, समुद्राकडे तोंड करून सोडायची. आजीपासूनचा नेम हा. पण सर तर नुसते बघतात, चित्र काढतात. घटकाभरानं सोडली तर कुणाचं काय बिघडतंय?

तिनं काढली. सरांनी दात मोजले, चित्र काढलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत चिंबोरी औषधाच्या बरणीत बुडवली.

"अवो सर, ती सोडायची हाय!" बेट्टी ओरडली आणि तिनं बरणीत हात घातला. बाहेर काढेपर्यंत चिंबोरीचे पाय दोनदा हलले नि थांबले.

"अशी मादी पुन्हा कुठे मिळायची? नमुना ठेवावाच लागतो, बाई," सर चाचरत म्हणाले. "एरिकला सोमवारी पाठवा."

घरी नोकरीचं ऐकून मॉलीला आनंदानं रडूच फुटलं. रोज संध्याकाळी आय तिच्या पोटाला खोबरेल चोळायची. आजही मॉली वाटी घेऊन बसली.

"आय, ये ना. बघ कसा लाथा मारतोय!"

बेट्टीनं तीनदा राखेनं हात घासले होते, तरी औषधाचा वास जात नव्हता. जन्मात वाटली नव्हती एवढी भीती तिला वाटली. हात पदरात गुंडाळून ती उंबऱ्यापाशीच उभी राहिली.

"आज तुजं तूच लाव, बाय," ती म्हणाली.