तिन्ही प्रश्नांना 'व्हय'

अन्याय झाला तो विहिरी खोदणाऱ्या एका मजुरावर. १९७२ च्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, दुपारी दोन वाजता. करणारे आम्ही पोलीस. त्याचं नाव सांगत नाही, पण निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तो चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी तेव्हा प्रवरेकाठच्या एका ठाण्यात नवखा फौजदार होतो. नदीवरच्या इंजिनाचा पंप चोरीला गेला. पंपाच्या मालकाच्या पुतण्याने खबर दिली, "साहेब, गुत्त्यावर पिऊन त्यो सोताच म्हनत हुता, पंप मीच नेला." आम्ही मजुराला उचललं. सकाळभर दरडावलं, दोन थपडाही दिल्या. तो एकच सांगे, "मी न्हाई."

मी जेवून परतलो तर जमादार खुशीत. "कबूल झाला, साहेब." खोलीत हातभट्टीचा भपकारा. मुद्देमालातली बाटली जमादारानेच फोडून त्याला पाजली होती. "पोटात गेल्याबिगर यांची जीभ सुटत न्हाई," हे वर.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, माल मिळाला पाहिजे. मी विचारलं, "पंप नेलास ना? कुठे ठेवलास?"

"व्हय साहेब. तुमी म्हनाल तिथं ठिवलाय," तो हसून म्हणाला.

मला शंका आली. "माझी सायकलही तूच नेलीस ना?" सायकल त्याच्यासमोर भिंतीला टेकलेली.

"व्हय साहेब."

"आणि दारातला कडुलिंब तोडलास?" खिडकीतून झाड दिसत होतं.

"व्हय. चुकलं माझं."

जमादार खाली बघू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण उतरल्यावर, चहा देऊन विचारलं, "गुत्त्यावर पंपाचा विषय कुणी काढला?"

"मालकाच्या पुतन्यानं. त्यानंच पाजली. खांद्यावर हात टाकून म्हनला, पंप तूच नेलास ना, वाघा? समदी हसली. मी व्हय म्हनलो."

"का म्हणालास?"

"एरवी मला कुनी शेजारी बसवत न्हाई, साहेब. दोन घोट गेले की भ्या जातं, मानसं आपली वाटत्यात. आपल्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं?"

झडती घेतली तेव्हा पुतण्याच्याच कडब्याच्या गंजीत पंप सापडला. पंचनामा झाला, मजूर सुटला. जमादाराविरुद्ध अहवाल मी पाठवला. पण गावाने मजुराला चोर ठरवलं ते ठरवलंच. त्या शिवारात पुन्हा कुणी त्याला विहिरीत उतरू दिलं नाही.

लोक का पितात, याची उत्तरं नोकरीत खूप ऐकली. त्याच्याइतकं खरं कुणी बोललं नाही. दारू भीती घालवते म्हणून गोड लागते, आणि ती भीती जाताना 'नाही' म्हणायचं बळही घेऊन जाते. हे पक्कं ओळखून असतात ते न पिणारे. त्यात पुतणे असतात, जमादार असतात, आणि एका दुपारी ज्याच्या ठाण्यात हे घडलं तो फौजदारही.

तुमच्या गावातही प्यालेल्याला मध्ये बसवून काहीबाही कबूल करायला लावतात आणि सगळे हसतात. तुम्ही हसू नका. विचारणाऱ्याला तोंडावर सांगा, हेच उद्या सकाळी विचार. आणि सकाळी तुम्ही स्वतः तिथे हजर राहा.