एका वेळी एकच वाचक

भुताखेतांचं सोडाच, मी साधं राशिभविष्यही वाचत नाही. तरी हे लिहितेय, कारण घरी सांगून पाहिलं, तर सगळ्यांनी विषयच बदलला.

मी राहते शारजात, अल नहदाला. नोकरी दुबईतल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत — ई-बुक्स, ऑनलाइन जर्नल्स, लॉगिन, सगळं माझ्याकडे. माझा नवरा मिलिंद तिथेच मेकॅनिकल शिकवायचा. मार्चमध्ये हार्ट अटॅकने गेला. स्टाफमधून कमी झालेल्यांचं अकाउंट आठवड्यात बंद करायचं, हा नियम माझाच. त्याचं मात्र महिना उलटला तरी तसंच ठेवलं... विसरले म्हणून सांगितलं.

मग सना नावाच्या विद्यार्थिनीचा मेल आला. व्हायब्रेशन्सवरचं एक ई-बुक तिला परीक्षेसाठी हवं होतं. त्याचं लायसन्स एकाच वाचकाचं — एकाने घेतलं की दुसऱ्याने थांबायचं. चौदा दिवसांनी ते आपोआप परत येतं. मी बघितलं, तर पुस्तक मिलिंदच्या नावावर, आदल्याच दिवशी घेतलेलं. आणि त्याच दुपारी एक वीसला दहा पानं वाचलेली.

एक वीस ही त्याची डब्याची वेळ. एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हाताने पानं सरकवायची. कीबोर्ड कायम तेलकट.

दुसऱ्या दिवशी आणखी दहा पानं. तिसऱ्या दिवशीही.

घरी आमच्या मुलीला विचारलं. "मम्मा, आय डोन्ट इव्हन नो हिज पासवर्ड," म्हणाली आणि खोलीत निघून गेली. आयटीतल्या शाजीने लॉग तपासले. "मॅडम, लॉगिन कॉलेज के अंदर से ही है, पर मशीन का नाम नहीं आ रहा. बंद कर दो, खलास."

पुस्तक काढून घ्यायला माझ्याकडे एक बटण आहे. ते मी दाबलं नाही. भीती वाटली नाही, आनंदही झाला नाही. तो गेल्यापासून आत काही हलतच नव्हतं. एक वीसला रिपोर्ट उघडायचा, पानं मोजायची, डबा खायचा. सनाचे तीन मेल आले. मी प्रत्येकाला "इन प्रोसेस" लिहिलं. त्याची मला लाज वाटते.

नवव्या दुपारी ती स्वतः केबिनमध्ये आली. "मॅम, परसों पेपर है. मिलिंद सर होते तो उन्हीं से पूछ लेती."

ती गेल्यावर मी दार लावलं आणि स्क्रीनकडे बघून मोठ्याने म्हटलं, "मिलिंद, पोरीचा पेपर आहे रे. सोड आता पुस्तक."

रिफ्रेश केलं. 'रिटर्न्ड.' एक सव्वीस. चालू प्रकरण अर्धंच वाचून झालं होतं.

सनाला पुस्तक मिळालं. अकाउंट मी त्याच दिवशी बंद केलं. शाजी म्हणतो, सिस्टमचा घोळ असेल. असेलही, मला अजून उलगडा झालेला नाही. विद्यार्थ्याने मागितलं की तो हातातलं पुस्तक अर्धवट टाकून द्यायचा, हे मला माहीत होतं. माहीत असूनच मी तसं म्हटलं.

माझ्यासाठी थांब, असं म्हटलं असतं तर थांबला असता का... ते मी विचारलंच नाही.