बद्द आवाज

कुणी काही सांगू लागलं की ते डोळे मिटायचे. नवख्या माणसाला वाटायचं, झोपले! पण मध्येच त्यांचं बोट वर जायचं. “रुको जी. इथं आवाज बद्द आला.”

झाशीत खंडेराव गेटपाशी ते आमचे शेजारी, आमच्यासारखंच मराठी घर. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. नोकरी रेल्वेत. गाडी उभी राहिली की हातोडीनं चाकं ठोकत जायचं आणि ऐकायचं. चाक धड असेल तर खणखणीत वाजतं, तडा असेल तर बद्द. फलाटावर ती ठकठक तुम्हीही ऐकली असेल.

मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. शाळा हिंदीतून झालेली, कॉलेजात सगळं इंग्रजीत. सहामाहीला गणितात शंभरात अकरा! बाबांनी बजावलं, “वार्षिकला नापास झालीस तर कॉलेज बंद. स्थळं बघायला लागतो.”

आईनं मला काकाजींकडे धाडलं. मी चिडलेच. आठवी पास माणूस मला काय शिकवणार, कपाळ!

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही,” ते म्हणाले. “तू गणित मोठ्यानं सांग. असं का केलंस, तेही सांग.”

चौथ्या ओळीवर बोट वर गेलं. “बद्द.” मी तीच ओळ रेटून म्हटली. “अब तो और भी बद्द!”

मेलं ते बोट! ती ओळ मी नुसती पाठ केली होती. त्यांनी तिथं लाल पेन्सिलीनं फुली मारली. “एवढंच सरांना विचार, बेटा. पूरी गाड़ी मत उठाओ.”

रोज संध्याकाळी हेच. फुल्यांची वही घेऊन सरांपुढे उभं राहायची फार लाज वाटायची. पण गेले. हळूहळू फुल्या कमी झाल्या. वार्षिकला त्रेचाळीस मिळाले आणि बाबांनी स्थळांचा विषय पुन्हा काढला नाही. काकाजींनी गुणपत्रिका मोठ्यानं वाचायला लावली, डोळे मिटून ऐकली. “खणखणीत!”

पुढे मी गणितच शिकवू लागले, दुसऱ्या गावी. एकदा सुट्टीत झाशीला आले तर ते इस्पितळात असल्याचं कळलं. तशीच गेले.

“काकाजी, कसं वाटतंय?”

“एकदम बढ़िया. होळीला घरी असेन बघ.”

ऐकताना माझे डोळे आपोआप मिटले होते. वर जाऊ लागलेलं बोट आवरून मी त्यांचा हात धरला. ते माझ्याकडे बघून हसले आणि हळूच म्हणाले, “ऐकू आलं ना तुला?”