जावयाच्या हातचा भात

बायको गेल्यावर घरात आम्ही दोघं उरलो, मी आणि माझ्या सासूबाई. सासू आणि जावई यांच्यातलं बोलणं बहुतेक तिसऱ्या माणसामार्फत चालतं. 'त्यांना विचार, चहा हवा का,' असं त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, मी बाहेर ते ऐकत असायचो, आणि तरीही माझी बायको बाहेर येऊन मला विचारायची. तेराव्यानंतर पाहुणे आपापल्या गावी गेले आणि तो तिसरा माणूस नसलेलं घर आमच्या वाट्याला आलं. सुरुवातीला सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहत आणि 'चहा केलाय' असं समोरच्या भिंतीला सांगत. मी भिंतीच्या वतीने 'हो' म्हणत असे.

त्या आमच्याकडे राहायला आल्या त्या सासरे गेल्यानंतर. मुलगा नाही, लेक एकुलती एक. गाव सावर्ड्याच्या आतल्या बाजूला. लेकीच्या घरी कायमचं राहणं त्यांच्या पिढीला जड जातं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा न घेणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या, आणि आम्हाला तर मूल झालंच नाही. यातून त्यांनी स्वतःपुरता मार्ग काढला. त्यांच्या वाट्याची शेती पुतण्या करतो. दरवर्षी भाताची झोडणी झाली की त्यातलं काही उकडून, वाळवून, कांडून उकड्या तांदळाचं एक पोतं रत्नागिरीला येई. 'भात मी माझा खाईन, वरचं कालवण तेवढं तुमचं,' असं त्या आल्या त्याच दिवशी लेकीला म्हणाल्या होत्या, मला ऐकू जाईल अशा बेताने. पोतं मोठं असायचं. तो भात आम्ही तिघंही खात होतो. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर जावईच सासूचा भात खात होता, पण ते कोणी बोलून दाखवलं नाही.

तेराव्याच्या दिवशी पुतण्याने मला अंगणात बाजूला घेतलं. तो सरळ माणूस आहे. म्हणाला, "भावोजी, कापणी-झोडणी उरकली की येतो. या वेळी पोतं आणत नाही. काकीलाच न्यायला येतो." त्याच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. लेक नसताना जावयाच्या घरी राहायचं कुठल्या नात्याने, हा प्रश्न त्याने विचारला नाही, पण तो त्याच्यामागे गावातले चारजण विचारत असणार. मी म्हटलं, "त्या म्हणतील तसं."

खरं म्हणजे त्या जाव्यात असं मला वाटत नव्हतं. माझ्या बायकोला माझ्यापेक्षा जास्त वर्षं जवळून ओळखणारं त्यांच्याखेरीज दुसरं माणूस आता जगात नव्हतं. ती कशी होती हे ज्यांना समजावून सांगावं लागत नाही अशा त्या एकट्याच. आम्ही तिच्याबद्दल फारसं बोलत नव्हतो. पण न बोलायलासुद्धा दोन माणसं लागतात. हे मी पुतण्याला सांगू शकलो नाही आणि त्यांना सांगण्याची तर आमच्यात पद्धतच नव्हती.

भात करण्याचं काम माझ्याकडे आलं ते त्यांच्या हातामुळे. दोन वर्षांपूर्वी त्या मोरीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण पकड परत आली नाही. आमच्याकडे उकडा भात करायचा म्हणजे तोपात, मोठ्या पातेल्यात, भरपूर पाणी घ्यायचं, दाणा शिजला की झाकण दाबून धरायचं, आणि दोन्ही हातांनी गरम तोप कलता करून जास्तीचं पाणी वेळून काढायचं. ते त्यांना जमेना, म्हणून त्या वेळी माझ्या बायकोने विजेवर चालणारा राइस कुकर आणला. कालवण त्या डाव्या हाताने का होईना, करू शकत. तेव्हा ती गेल्यावर आमची वाटणी आपोआप झाली. कालवण त्यांचं, भात माझा.

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. कुठलीही वस्तू आधी वाचून समजून घ्यायची, मग हात लावायचा, ही माझी सवय. कुकरबरोबर आलेलं माहितीपत्रक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. सोबतच्या कपाने तांदूळ मोजायचा, धुवायचा, भांड्याच्या आत रेषा कोरलेल्या असतात, त्यातल्या त्याच आकड्याच्या रेषेपर्यंत पाणी घालायचं, झाकण लावायचं, बटण खाली दाबायचं. मधे झाकण उघडायचं नाही. भांड्यातलं पाणी संपलं की बटण आपोआप वर येतं. पहिल्या दिवशी 'टक्' असा आवाज झाला तेव्हा मला पुस्तक वेळेत परत आल्यासारखं वाटलं. त्या दिवसांत घरात ठरल्या वेळी होणारा आवाज तेवढाच होता.

भात मोकळा झाला होता. दाताखाली थोडा कडक लागला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी भातावर कालवण ओतलं, थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या आणि मग सावकाश जेवल्या. मला वाटलं, वय झालं, जेवणाआधी थांबावंसं वाटत असेल. उकडा भात असाच असतो, असंही मी स्वतःला सांगितलं. माझी बायको तो कसा करायची हे मी कधी पाहायला गेलो नव्हतो. ताटात आला की खायचा, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. कुकरमध्ये ती फक्त पाहुण्यांसाठी बारीक तांदळाचा भात लावायची आणि आईचा उकडा शेवटपर्यंत तोपातच शिजवून स्वतः वेळून काढायची, हे मला पुढे कळलं.

एकदा मी विचारलंही, "भात बरा झालाय ना?"

"बरा आहे," त्या म्हणाल्या.

पसंतीची पावती मिळाली असं समजून मी रोज तसाच भात करत राहिलो. त्यांचं जेवण कमी होत चाललं होतं. ते दुःखामुळे, असं मी धरून चाललो. माझंही कमी झालंच होतं. त्या खातात म्हणून मी खात होतो. एक दिवस ऐन शिजताना लाइट गेली. बऱ्याच वेळाने आली, तोवर तांदूळ तसाच गरम पाण्यात पडून राहिला. त्या दिवशी सासूबाईंनी दुसऱ्यांदा भात घेतला. मला बरं वाटलं. त्याचं श्रेय मी कालवणातल्या बांगड्याला दिलं आणि दुसऱ्या दिवशी जेट्टीवर जाऊन पुन्हा बांगडे आणले. त्या दिवशी लाइट गेली नाही आणि त्यांनी एकदाच घेतलं. मासा ताजा नसावा, असा निष्कर्ष मी काढला.

त्यांना नीट दिसत नाही म्हणून सकाळी मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे. निधनाच्या बातम्या त्यांना आधी हव्या असत. "वय काय लिहिलंय?" एवढं विचारत. मी सांगत असे. वय ऐकून कधी त्या "पुढचं वाचा" म्हणत, कधी काहीच म्हणत नसत. काहीच म्हणत नसत तेव्हा गेलेला माणूस तरुण असायचा.

दिवाळी आमची त्या वर्षी नव्हती. ती होऊन गेल्यावर एका सकाळी सावर्ड्याहून पुतण्याचा फोन आला की झोडणी झाली, उद्या येतो. सासूबाईंना मी तसं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी उठून बाहेर आलो तर दाराजवळ दोन पिशव्या भरून ठेवलेल्या होत्या. एका हाताने त्यांनी त्या कधी भरल्या मला कळलं नाही. वरच्या बाजूला औषधांचा डबा दिसत होता.

पुतण्या आला तो जेवायच्या वेळेला. हातात नवीन उकड्याची लहानशी पिशवी, 'चवीपुरता आणलाय' म्हणाला. आम्ही तिघं जेवायला बसलो. मी भात वाढला. त्याने पहिला घास तोंडात घातला, चावला आणि थांबला.

"काकी, हे काय आहे गो?"

"भात आहे. जेव."

"हा भात? आमच्याकडे हायवेचं काम अडलंय ते खडीवाचून. खडी इथे आहे होय."

"गप जेव म्हटलं ना."

"मी जेवतो गो. मला दात आहेत. तुला किती राहिलेत? तू हे कसं चावतेस?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भावोजी, राग मानू नका. पण आत कच्चा आहे हो."

मला राग आला नाही. इतके दिवस मी जे खात होतो त्याला कोणीतरी नाव दिलं, एवढंच झालं. मी सासूबाईंना म्हणालो, "आई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

त्यांनी ताटातून मान वर केली नाही. म्हणाल्या, "जावयाने रांधून वाढलं, त्याला नावं ठेवू? कुठे फेडू ते पाप?" आणि थोड्या वेळाने, "आणि बोलायचं तरी कुणाकडे?"

पुतण्याने भात कालवणात दाबून दाबून मऊ करायचा प्रयत्न केला आणि मग ताट थोडं सरकवलं. म्हणाला की हे आता मिटलंच, काकी इथे अर्धपोटी राहते हे गावात कळलं तर लोक त्याला बोलतील, दुपारची एसटी धरू म्हणजे उजेडी घरी पोचू. त्याचं बरोबर होतं. मी नेहमीसारखं 'त्या म्हणतील तसं' म्हणालो असतो तर त्या पिशव्या उचलून गेल्या असत्या, कारण जावयाने थांबा म्हटल्याशिवाय त्या थांबणार नव्हत्या.

मी पुतण्याकडे पाहूनच म्हणालो, "त्यांनी इथेच राहावं असं मला वाटतं. त्या गेल्या तर या घरात माझ्याशिवाय तिला ओळखणारं कोणी राहणार नाही."

सासूबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्याही पुतण्यालाच म्हणाल्या, "त्यांना विचार, राहिले तर मी बोललेलं चालेल का?"

पुतण्या आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. "मी काय पोस्टमन आहे? ते समोर बसलेत की."

त्या वळल्या. त्याआधी त्या माझ्याकडे सरळ बघून बोलल्याचं मला आठवत नाही. म्हणाल्या, "जावईबापू, मला पेज हवीय. ती गेली तेव्हापासून पेज नाही मिळाली मला."

पेज म्हणजे उकडा तांदूळ भरपूर पाण्यात शिजताना जे दाट, पांढरं पाणी होतं ते, थोड्या मऊ शितांसकट. सकाळी मीठ घालून, लोणच्याच्या फोडीबरोबर ती घेतली की आमच्याकडच्या जुन्या माणसांचा दिवस सुरू होतो. मी मात्र इतके दिवस पाणी रेषेवर मोजून घालत होतो आणि सगळं तांदळात जिरवत होतो. पेजेसाठी त्यात थेंबही शिल्लक राहत नव्हता.

मी उठून पुतण्याने आणलेला नवीन तांदूळ धुतला. सासूबाई ओट्याशी स्टूल घेऊन बसल्या आणि "घाला, अजून घाला" म्हणत राहिल्या. पाणी सगळ्या रेषांच्या वर गेलं. उकळी आल्यावर झाकणाच्या भोकातून फेस उडायला लागला आणि ओटा पांढरा झाला. पत्रकात झाकण उघडू नये असं लिहिलं होतं, तरी मी ते तिरकं केलं. मग आम्ही तिघं वाट पाहत बसलो. त्यांचं म्हणणं, बटण वर आलं की पेज झाली समजू. बटण काही येईना. पुतण्या म्हणाला की यंत्र बिघडलं. तेव्हा मला पत्रकातलं वाक्य आठवलं आणि मी त्यांना सांगितलं की भांड्यात पाणी आहे तोवर ते बंद व्हायचंच नाही, पेज आपणच काढून घ्यायला हवी.

"मग काढा की," त्या म्हणाल्या. "दाणा दाबून बघा. फुटला? मग काढा."

मी डावाने पेज एका पातेल्यात काढली. खाली भात बुडेल-न बुडेल इतकं पाणी ठेवलं, झाकण लावलं. पुतण्याच्या एसटीची वेळ टळली होती, पण तो त्याबद्दल काही बोलला नाही. थोड्या वेळाने बटण वर आलं. भात मऊ झाला होता, बोटाने दाबला की मोडत होता. एका भांड्यात दोन्ही झालं.

दुपार कलताना आम्ही पुन्हा जेवलो. सासूबाईंनी आधी पेज घेतली, वाटी दोन्ही हातांनी धरून. मधेच थांबल्या. म्हणाल्या, "तिला लहानपणी आवडायची नाही. पाठीमागच्या दाराने कुत्र्याला घालायची आणि मला रिकामी वाटी दाखवायची." हे मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर ती इतकी वर्षं रोज सकाळी पेज घेत होती. आईच्या सोबतीसाठी घेत असावी.

पुतण्या संध्याकाळच्या गाडीने एकटाच गेला. त्याला निरोप द्यायला त्या फाटकापर्यंत आल्या आणि पोतं पाठव म्हणाल्या. तो म्हणाला, पाठवतो, रत्नागिरीच्या वाटेवर पालीपर्यंत एका ओळखीच्याचा टेम्पो येतो. गावातल्या चारजणांना तो काय सांगणार होता, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज करून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी एक घोट घेतला.

"मीठ कमी आहे," त्या मला म्हणाल्या. "आणि आज दाणा जास्त मोडलात तुम्ही."

मी आत जाऊन मीठ आणलं.